टायमर स्विच बदलताना

टायमर स्विच म्हणजे घड्याळ आणि स्विच एकाच डबीत. ठरलेली वेळ आली की आतले कॉन्टॅक्ट जुळतात किंवा सुटतात आणि पुढचा दिवा, पंप किंवा गीझर चालू-बंद होतो. रायगडच्या किनाऱ्यावर, मांडवा-किहीमपासून अलिबाग, नागाव, रेवदंडा, मुरुड ते थेट दिवेआगर-श्रीवर्धनपर्यंत, या डबीला कामे बरीच आहेत. मुंबईकरांच्या शनिवार-रविवारच्या बंगल्यात फाटकावरचा दिवा तिच्यावर असतो. पर्यटकांना खोल्या देणाऱ्या घरांत पहाटेचे गीझर ती चालवते आणि नारळी-पोफळीच्या वाडीत शिंपण्याचा पंपही. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि सतत ये-जा करणारी वीज यांमुळे इथे टायमर लवकर बिघडतात. तो बदलण्याचे काम दिसते सोपे: चार-पाच स्क्रू आणि तेवढ्याच वायरी. धोका स्क्रू फिरवण्यात नसतो, बंद समजलेली वीज प्रत्यक्षात चालू असण्यात असतो.

बाजारात टायमर मुख्यतः दोन जातींचे मिळतात. पहिला चकतीचा. चोवीस तासांत एक फेरा घेणाऱ्या चकतीच्या कडेला बारीक खुंट्या असतात, साधारणपणे पंधरा मिनिटांना एक, म्हणजे एकूण 96. ज्या वेळेला दिवा लागायला हवा तेवढ्या खुंट्या दाबायच्या किंवा उचलायच्या. साध्या चकतीच्या टायमरचे घड्याळ घरच्याच विजेवर फिरते, त्यामुळे लाईट गेली की तेही थांबते. दुपारी दोन तास वीज नसेल तर संध्याकाळचा दिवा दोन तास उशिरा लागतो. पावसाळ्यात आठवडाभर असे होत राहिले की फाटकावरचा दिवा भर दुपारी जळताना दिसतो आणि टायमर बिघडल्याचा बोभाटा होतो. दुसरी जात डिजिटल. यात आठवड्याच्या वारांप्रमाणे वेगवेगळ्या वेळा लावता येतात आणि आतल्या बॅटरीमुळे वीज नसतानाही घड्याळ चालू राहते. याच डिजिटलमध्ये एक हुशार प्रकार आहे. गावाचे अक्षांश-रेखांश एकदा भरले की तो रोजच्या सूर्यास्ताची वेळ स्वतः काढतो. किनाऱ्यावर त्याचा उपयोग चांगलाच होतो. अलिबागला नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, तर जुलैच्या सुरुवातीला सव्वासात उलटून जातात. एकच वेळ लावून ठेवली तर एक तर दिवा उजेडात जळतो, नाही तर फाटक अंधारात राहते.

बदलण्याआधी टायमर खरोखर गेला आहे का, हे पाहावे. डिजिटल टायमरची पाटी कोरी दिसत असेल तर वीज येते आहे का ते आधी तपासावे. एमसीबी पडलेली असू शकते. वीज असताना पाटी दिसते पण वीज जाताच वेळ पुसली जात असेल तर आतली बॅटरी संपलेली असते, टायमर नव्हे. बारीक टोकाने दाबायचे रीसेटचे बटणही अनेकदा काम करून जाते. ठरल्या वेळी आतून 'टक्' असा आवाज येतो पण दिवा लागत नाही, तर आधी दिवा बदलून पाहावा. दिवा चांगला असेल तर कॉन्टॅक्ट जळालेले असतात. उलट पंप बंदच होत नसेल तर ते वितळून एकमेकांना चिकटलेले असतात. असा टायमर ठोकून-ठाकून चालू ठेवण्यात अर्थ नाही. डबीला जळका वास, कडेला तपकिरी डाग किंवा हात ठेववणार नाही इतकी गरमी असेल तर त्याच दिवशी त्याची लाईन बंद करावी.

हे काम घरच्या माणसाने करावे की नाही, याला कायद्याचे उत्तर आहे, आणि ते बहुतेकांना वाटते तितके कडक नाही. ग्राहकाच्या जागेतले विजेचे काम परवानाधारक ठेकेदाराने, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखालीच करावे, असा दंडक 1956 च्या भारतीय विद्युत नियमांत होता. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आजच्या सुरक्षा विनियमांतही तो आहे. मात्र त्याला एक सूट जोडलेली आहे: दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि 250 व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणे बदलणे, तेही जोडणीची क्षमता आणि स्वरूप न बदलता. जुना 16 अँपिअरचा टायमर काढून त्याच जागी, त्याच वायरींवर, तसाच दुसरा बसवणे या सुटीत बसते. नवी वायर ओढणे, दिव्याच्या टायमरवर पंप चढवणे किंवा साध्या स्विचच्या जागी नव्याने टायमर बसवण्यासाठी बोर्डात न्यूट्रल आणणे बसत नाही. तिथे परवान्याचा वायरमन बोलवावा. मीटरपर्यंतचे सगळे महावितरणचे. मीटरच्या सीलला आणि सर्व्हिस वायरला हात लावायचा नाही. तिकडची तक्रार 1912 वर करता येते.

नवा टायमर घेताना जुन्याचा फोटो आणि त्यावरची अक्षरे सोबत न्यावीत. फक्त '16 अँपिअर' बघून टायमर घेणे ही किनाऱ्यावरच्या दुकानांतली नेहमीची चूक आहे. तो आकडा गीझरसारख्या केवळ तापणाऱ्या उपकरणांसाठी असतो. 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर साधारण 8.7 अँपिअर घेतो, 3000 वॅटचा 13. दोन्ही 16 अँपिअरच्या टायमरवर चालतात, पण दुसरा बराच काठावर असतो. मोटरचा हिशेब वेगळा. एक अश्वशक्तीचा सिंगल फेज पंप चालताना सहा-सात अँपिअर घेत असला तरी सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कित्येक पट ओढतो, आणि बंद होताना कॉन्टॅक्टमध्ये मोठी ठिणगी पडते. म्हणून टायमरच्या अंगावर मोटरसाठी वेगळा, बराच लहान आकडा छापलेला असतो. एलईडी दिव्यांचेही तसेच: वॅट थोडे, पण अनेक दिवे एकदम लागताना पहिला झटका मोठा. पंपासाठी चांगली रीत म्हणजे टायमरने फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोठा करंट झेलणाऱ्या वेगळ्या स्विचची, कॉइल चालवावी आणि पंपाचा करंट कॉन्टॅक्टरने वाहावा. वाडीतल्या थ्री फेज पंपाच्या स्टार्टरमध्ये टायमर असेल तर घरच्या माणसाने तो उघडूच नये. तिथल्या कॉइलला अनेकदा दोन फेज दिलेल्या असतात आणि दोन फेजमधला दाब 400 व्होल्टच्या घरात असतो.

दोन टायमर बाहेरून जुळे दिसले तरी आतली जोडणी वेगळी असू शकते, आणि नेमके तेच दुकानात कोणी सांगत नाही. काही टायमरमध्ये आलेली फेज आतूनच पुढे जाते. दोन टर्मिनल वीज आत येण्याची, दोन बाहेर जाण्याची, बस. इतरांत घड्याळाची वीज वेगळी आणि स्विच वेगळा असतो. त्यात फेज-न्यूट्रलची दोन टर्मिनल घड्याळाला, आणि शिवाय तीन टर्मिनल स्विचची: एक सामाईक, एक एरवी उघडे, एक एरवी जुळलेले. या दुसऱ्या प्रकारात दिव्याला वीज मिळायची तर फेजपासून सामाईक टर्मिनलपर्यंत एक आखूड जोडवायर लागते. जुना टायमर पहिल्या प्रकारचा आणि नवा दुसऱ्या प्रकारचा असेल तर सगळे बरोबर जोडूनही दिवा लागत नाही. उलट अदलाबदल अधिक वाईट: जुन्या स्विचच्या टर्मिनलवरच्या वायरी नव्याच्या 'बाहेर' लिहिलेल्या टर्मिनलमध्ये जशाच्या तशा घातल्या तर फेज आणि न्यूट्रल थेट भिडू शकतात. म्हणून डबीच्या कुशीवर छापलेले छोटे जोडचित्र वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. चित्र नसलेला स्वस्त माल परत करावा.

तिसरा प्रकार दोन वायरींचा. तो न्यूट्रल न घेता दिव्यातूनच थोडा करंट सोडून स्वतःचे घड्याळ चालवतो. जुन्या पिवळ्या बल्बवर तो ठीक चालत असे. कमी वॅटच्या एलईडीवर मात्र दिवा बंद असतानाही मंद लुकलुकत राहतो. बल्ब बदलून एलईडी लावल्यावर टायमर 'बिघडला' असे अनेक ठिकाणी वाटते, त्यामागे हे कारण असते. असा दिवा टायमरवर बंद दिसला तरी होल्डरमध्ये वीज असते, हेही लक्षात ठेवण्यासारखे.

आता मुख्य काम, वीज तोडणे. साध्या घरात मेन स्विच खाली केला की काम झाले असे धरले जाते. किनाऱ्यावरच्या घरात ते पुरत नाही, कारण वीज येण्याच्या वाटा एकाहून अधिक असतात. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा भागांत खांब आणि तारा इतक्या आडव्या झाल्या की कित्येक गावे काही आठवडे अंधारात होती. अशा अनुभवातून गेलेल्या घरात इन्व्हर्टर आणि जमल्यास जनरेटर ठेवलेला असतो, यात नवल नाही. अडचण अशी की मेन बंद करताच इन्व्हर्टरला लाईट गेल्यासारखे वाटते आणि तो आपले काम इमाने इतबारे सुरू करतो: बॅटरीवरून 230 व्होल्ट त्याच बोर्डात पाठवतो. फाटकाचा दिवा इन्व्हर्टरच्या लाईनवर असणे तर स्वाभाविकच आहे. लाईट गेल्यावर तोच हवा असतो. म्हणजे मेन स्विच खाली पाडून टायमर उघडणाऱ्याच्या हातात जिवंत फेज येते.

म्हणून क्रम असा. आधी टायमरवरचे उपकरण चालू स्थितीत आणावे, म्हणजे वीज गेल्याचे डोळ्यांना दिसेल. मग त्या लाईनची एमसीबी खाली करावी. त्यानंतर मेन. मग इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा आणि त्याचा इनपुट प्लग काढावा. नुसता प्लग काढल्याने तो बॅटरीवर जातो, बंद होत नाही. काही इन्व्हर्टरना मागे बायपासचा स्विच असतो. तो बायपासवर असेल तर मेन परत चालू होताच वीज थेट पुढे जाते. जनरेटर असल्यास चेंजओव्हर स्विच मधल्या, बंद स्थितीत ठेवावा. छतावर सोलर असेल तर त्याचाही एसी बाजूचा स्विच खाली करावा. महावितरणची वीज गेल्यावर ग्रिडला जोडलेला सोलर इन्व्हर्टर स्वतः थांबतो खरा, पण बॅटरीची जोड असलेला थांबेलच असे नाही. शेवटी मेनवर 'काम चालू आहे' अशी चिठ्ठी चिकटवावी आणि घरातल्या सगळ्यांना सांगावे. खोल्या भाड्याने देणाऱ्या घरात एखादा पाहुणा एसी बंद पडला म्हणून स्वतःच जाऊन एमसीबी वर करतो. तिथे चिठ्ठीवर विसंबू नये, बोर्डाला कुलूप लावावे किंवा माणूस उभा करावा.

जुन्या घरांत आणखी एक गोम असते. एका खांबाची एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. एरवी त्याने काही होत नाही. पण डीपीपासून येणाऱ्या लाईनचा न्यूट्रल वादळात तुटला असेल तर घरातल्या न्यूट्रल वायरवरही दाब चढतो. अशा वेळी काही दिवे डोळे दिपतील इतके प्रखर आणि काही मंद दिसतात, फ्रिज आणि टीव्ही जळतात. असे काही जाणवत असेल तर टायमरचे काम बाजूला ठेवून मेन बंद करावा आणि महावितरणला कळवावे. मेनला दोन खांबांचा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच असणे केव्हाही बरे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या लाकडी पट्टीवरच्या वायरिंगमध्ये क्वचित स्विचच न्यूट्रलवर बसवलेला सापडतो. दिवा बंद आणि वायर जिवंत, अशी ती तऱ्हा.

वीज गेली आहे हे तपासण्यासाठी खिशातला निऑन टेस्टर पुरेसा मानला जातो. तो पुरेसा नाही. त्याचा बल्ब माणसाच्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या अत्यल्प करंटवर पेटतो. रबरी चपला, कोरडी लाकडी शिडी, लख्ख ऊन, यांपैकी काहीही असेल तर वायर जिवंत असूनही उजेड दिसत नाही. उलट शेजारच्या वायरीतून आलेल्या खोट्या दाबाने बंद वायरीवरही तो पेटू शकतो. साधा मल्टिमीटर एसी 750 किंवा त्याच्या जवळच्या पट्ट्यावर ठेवून तीन मोजण्या घ्याव्यात: फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. टायमरला येणाऱ्या आणि टायमरपासून पुढे जाणाऱ्या, दोन्ही बाजूंच्या वायरींवर. त्याआधी मीटर एखाद्या चालू सॉकेटवर लावून तो 230 च्या आसपास दाखवतो का ते पाहायचे, मग बंद लाईनवर, आणि शेवटी पुन्हा चालू जागी. मेन बंद असल्यामुळे चालू जागा उरत नसेल तर मीटर आधी तपासून घ्यावा आणि नंतरची खात्री मेन चालू झाल्यावर करण्याऐवजी इन्व्हर्टरच्या स्वतंत्र सॉकेटवर, काम करायच्या लाईनपासून त्याला वेगळे ठेवून करावी. तसे जमत नसेल तर वायरमनचा टेस्ट लॅम्प, म्हणजे होल्डरला दोन वायरी लावलेला साधा बल्ब, मीटरच्या जोडीला वापरावा. दोन वेगवेगळ्या साधनांनी एकच चूक करणे अवघड असते.

वायरींच्या रंगांवर भरवसा ठेवताना जरा थांबावे. आपल्याकडच्या रूढ पद्धतीत सिंगल फेजला फेज तांबडी, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. थ्री फेजला तांबडी, पिवळी, निळी. परदेशी बनावटीच्या केबलमध्ये फेज तपकिरी, न्यूट्रल निळी आणि अर्थ हिरवी-पिवळी असते. म्हणजे थ्री फेज आलेल्या बंगल्यात निळी वायर एका जागी फेज आणि दुसऱ्या जागी न्यूट्रल असू शकते. टायमरपासून दिव्याकडे जाणारी वायर तर त्या दिवशी वायरमनच्या पिशवीत जो रंग उरला असेल त्या रंगाची असते. त्यामुळे स्क्रू सैल करण्याआधी फोटो काढावा आणि प्रत्येक वायरीला चिकटपट्टीचा तुकडा लावून टर्मिनलवरचे अक्षर किंवा आकडा लिहावा. रंग लिहू नये, जागा लिहावी.

झाकण उघडल्यावर आत जे दिसते ते किनाऱ्यावर बहुधा हिरवट असते. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यातले मीठ फटीतून आत शिरते, हवेतला ओलावा धरून ठेवते आणि तांब्या-पितळेवर हिरवी बुरशीसारखी पुटे चढवते. लोखंडी स्क्रू गंजून डोके झिजलेले असतात. त्यात मुंग्यांची माती, पालीची अंडी, कधी दोन टर्मिनलना चिकटून मेलेली पालही सापडते. हे फक्त घाण दिसते म्हणून वाईट नाही. पुटे चढलेल्या जोडातून करंट जाताना तो जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो, सैल झाला की ठिणग्या सुरू होतात, आणि गीझरसारखे तेरा अँपिअरचे ओझे असेल तर टर्मिनलभोवतीचे प्लास्टिक वितळते. जुना टायमर जळण्याचे कारण अनेकदा टायमरमध्ये नसून या जोडात असते. तो तसाच ठेवून नवा टायमर लावला तर तोही त्याच वाटेने जातो.

म्हणून वायरीचे काळे-हिरवे झालेले टोक कापून टाकावे आणि आतले लखलखीत तांबे दिसेपर्यंत मागे यावे. आठ ते दहा मिलिमीटर इन्सुलेशन काढणे पुरते. उघडी तार टर्मिनलच्या बाहेर दिसता कामा नये आणि इन्सुलेशन स्क्रूखाली चिमटता कामा नये. अनेक पदरी वायर असेल तर पदर पिळून त्यावर दाबाचे लग बसवावेत, सुटा पदर शेजारच्या टर्मिनलकडे डोकावता कामा नये. वायर आत घालून स्क्रू घट्ट केल्यावर ती एकदा ओढून पाहावी. तांबे पाच-सहा सेंटिमीटर मागेपर्यंत काळे पडलेले असेल, वायर ठिसूळ होऊन इन्सुलेशन तुटत असेल किंवा जुनी ॲल्युमिनियमची वायर असेल तर घरगुती काम तिथेच थांबवावे. ॲल्युमिनियम आणि तांबे खाऱ्या ओलाव्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते. त्या जोडाला खास लग लागतात आणि त्या वायरी मुळातच बदलण्याच्या लायकीच्या असतात. वायरीची जाडीही एकदा पाहावी: दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर चालते, 16 अँपिअरच्या सॉकेटला अडीच, गीझरला सहसा अडीच ते चार.

टायमर घराबाहेर, फाटकाच्या खांबावर किंवा पंपाच्या खोलीत असेल तर डबी पाऊस रोखणारी, आयपी 65 दर्जाची असावी. वायरी खालून ग्लँडमधून आत घ्याव्यात, वरून नव्हे. वरून घेतलेली वायर पावसाचे पाणी थेट टर्मिनलवर आणून सोडते. आत येण्याआधी वायरीला खाली झोल दिला की पाणी तिथेच ठिबकते. जांभ्याच्या किंवा जुन्या चुन्याच्या भिंती पावसाळ्यात पाणी पितात. अशा भिंतीत पुरलेल्या लोखंडी पेटीऐवजी भिंतीपासून थोडी सुटी, प्लास्टिकची पेटी जास्त टिकते. रिकामी भोके मुंग्यांसाठी दारे असतात, ती बुजवावीत.

अर्थिंग आणि आरसीसीबी यांच्याशिवाय वाडीतल्या किंवा न्हाणीघरातल्या टायमरचे काम पूर्ण म्हणता येत नाही. आरसीसीबीचे तत्त्व साधे आहे: फेजने जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला पाहिजे. मध्ये 30 मिलिअँपिअर जरी दुसऱ्या वाटेने, म्हणजे ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून, जमिनीत गेले तरी ती सेकंदाच्या अंशात वीज तोडते. साधी एमसीबी हे करत नाही. 16 अँपिअरची एमसीबी माणसाला मारायला पुरेशा करंटच्या कितीतरी पट करंट बिनबोभाट वाहू देते. वाट चुकलेल्या करंटची अलिबागला जुनी ओळख आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा रुळांमार्गे परत जाणारा त्यांचा करंट जमिनीत पाझरून कुलाबा वेधशाळेची चुंबकीय मोजमापे बिघडवील, अशी भीती होती. म्हणून वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला आणली गेली. ट्राम प्रत्यक्षात 1907 मध्ये धावली. विजेपासून लांब म्हणून निवडलेल्या गावात आज दर फाटकावर टायमर हवा असतो, हा काळाचा महिमा.

नवा टायमर लावताच आरसीसीबी पडू लागली तर तिला दोष देऊन ती बायपास करण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नये. बहुतेक वेळा दिव्याचा न्यूट्रल आरसीसीबीच्या पुढच्या पट्टीऐवजी दुसऱ्याच पट्टीवर, किंवा इन्व्हर्टरच्या न्यूट्रलला जोडलेला असतो. गेलेला आणि आलेला करंट जुळत नाही म्हणून ती पडते. नाही तर बाहेरच्या दिव्यात पाणी शिरलेले असते. आरसीसीबीवरचे 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबावे. दाबूनही ती पडत नसेल तर ती बदलावी. किनाऱ्यावर अर्थिंगचा लोखंडी पाइप वाळूत आणि खाऱ्या पाण्यात लवकर गंजतो. वर अर्थची वायर दिसते म्हणून खाली अर्थ आहे असे नाही. ते मोजायला वेगळे यंत्र लागते आणि ते वायरमनकडेच असते.

सगळे स्क्रू तपासून, झाकण लावूनच वीज चालू करावी. उघड्या डबीवर 'एकदा बघू' म्हणून मेन वर करू नये. मेन, मग त्या लाईनची एमसीबी, शेवटी इन्व्हर्टर, असा क्रम ठेवावा. पहिल्यांदा टायमरच्या हाताने चालवायच्या बटणाने दिवा लावून पाहावा. गीझर किंवा पंप असेल तर अर्ध्या तासाने डबीला बाहेरून हाताची मागची बाजू लावून पाहावी. कोमट लागली तर ठीक, हात ठेववत नसेल तर लाईन बंद करून जोड पुन्हा पाहावेत. काम करताना कोणाला शॉक बसून तो वायरीला चिकटला तर त्याला हाताने ओढू नये. आधी मेन आणि इन्व्हर्टर बंद करावा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी दांड्याने वायर दूर सारावी आणि 108 ला फोन करावा. श्वास चालत नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीवर दाब देत राहावे.

वेळ लावताना डिजिटल टायमरमध्ये आधी आजची वेळ आणि वार भरावा. वार चुकला तर शनिवारचे दिवे मंगळवारी लागतात. दुपार-रात्रीचा घोळ टाळायला चोवीस तासांची पद्धत बरी. एक बारकावा पुष्कळांना चकवतो. हाताने 'चालू' करून मग 'ऑटो'वर आणलेले काही टायमर पुढची बंद होण्याची वेळ येईपर्यंत चालूच राहतात. म्हणून 'बंद'वरून 'ऑटो'वर यावे. पंपासाठी चालू-बंदच्या वेळा लावताना विहिरीत तरंगता स्विच असल्याची खात्री करावी, कारण टायमरला विहिरीतले पाणी दिसत नाही आणि एप्रिल-मेमध्ये कोरडा फिरलेला पंप जळतो. चकतीच्या टायमरचे घड्याळ दर मोठ्या खंडानंतर जुळवावे लागते.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवून त्यावर बदलल्याची तारीख, टायमरवरचे उपकरण आणि त्याचे वॅट, ती लाईन कोणत्या एमसीबीवर आहे आणि ती इन्व्हर्टरवर आहे की नाही हे लिहून ठेवावे. मृगाच्या आधी, मेअखेरीस, मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून डबी एकदा उघडावी, मुंग्यांची माती कोरड्या ब्रशने काढावी आणि स्क्रू पुन्हा आवळावेत. काढलेला जुना टायमर बॅटरीसकट ओल्या कचऱ्यात किंवा वाडीच्या कडेला न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्यावा.